आमिनाची सुई

आफ्रिकेत शांतिसेनेच्या ड्यूटीवर आमची मेडिकल तुकडी गेलती तेव्हा मी हवालदार होतो. माहं गाव बोरी अरब. माह्या हाताखाली नायक गजानन, केळापूरकडचा. इकडं घरी कापसाचे वाईट दिवस चालू होते. फोन आला का बोंडअळीशिवाय दुसरी गोष्ट नसे.

सकाळी पीटी, मग ओपीडी, दुपारी क्लास. क्लास म्हणजे तिथल्या पोरापोरीइले आरोग्यसेवक बनवणं. आम्ही वापस गेल्यावर दवाखाना त्याइनंच चालवायचा होता. मी कवायतीसारखं शिकवो. एक म्हटलं का पट्टा बांधा, दोन म्हटलं का शीर शोधा. गजानन सरळ आपलाच हात पुढं करे. "टोच," म्हणे. कोपरापर्यंत त्याचा हात काळानिळा झालता. सुट्टीच्या दिवशी पोरं त्याले घरी जेवाले बोलावत. मले नाही.

एक दिवस मेजर साहेबानं क्लास माह्याकडून काढला आन् त्याले देला. "बच्चे उससे जल्दी सीखते हैं." मले झोंबलं. खोटं कायले बोलू, लय झोंबलं.

आमिना नावाची एक पोरगी होती. सुई हातात घेतली का तिचा हात थरथरे. परीक्षा मात्र माह्याकडंच होती. मी तिले नापास केलं.

"भाऊ, तिले अजून एक मौका द्या," गजानन म्हणाला.

"काहून? तुही लाडकी हाय म्हणून?"

"तसं नाही. आमच्याकडं कापसावर औषध फवारता फवारता माणूस पडला का पांढरकवड्याच्या दवाखान्यात नेईपर्यंत हातचा जाते. गावात एक शिकलेलं माणूस पाह्यजे. तिच्या गावात शिकलेली ते एकटीच राहीन."

"पाहू," मी म्हटलं. पाहायचा माहा काही इरादा नव्हता.

त्याच हप्त्यात एका खेड्यात लसीकरण होतं. आमिनाही सोबत होती. वापस येताना दुपारी गाडीवर फायरिंग झालं. आमच्या एस्कॉर्टनं जबाब देला, पण गजाननच्या पोटात गोळी लागली. गाडीच्या आडोशाले त्याले झोपवलं. जखम दाबली. मी रेडिओ उचलला.

"एक कॅज्युअल्टी, सीरियस. हेलिकॉप्टर भेजो. ओव्हर."

"हेलिकॉप्टर निकल रहा है. आउट."

रक्त गेलं का शिरा बसतात, सलाइनची सुई लवकर लागत नाही. मी त्याचा हात धरला. त्यानं काढून घेतला.

"तुम्ही नाही. तिले लावू द्या."

"गजानन, हे क्लासची वेळ नाही."

"तिले लावू द्या, भाऊ."

भांडाले वेळ नव्हता. आमिना गुडघ्यावर बसली. पट्टा बांधला, शीर चाचपली, पहिल्याच टोच्यात सुई बसवली. हात थरथरला नाही. सलाइन सुरू झालं.

"पास?" त्यानं मले विचारलं. पाहत होता तिच्याकडं.

"पास," मी म्हटलं.

गजानन हेलिकॉप्टरमध्येच गेला. गोळीनं लिव्हर फाटलं होतं. सर्जन साहेब म्हणाले, सुई कोणीही लावली असती तरी वाचला नसता.

त्याले गावी मीच आणलं. त्याच्या बायकोले सगळं सांगतलं, सुईचं सोडून. आमिना आता तिच्या गावचा दवाखाना एकटी सांभाळते, असं कानावर आलं. गजाननचं काम झालं.

दरवर्षी मी केळापूरले जातो, त्याच्या फोटोले हार घालतो. डोयात पाणी येते. आन् त्यासोबतच आतून जळतेही. जिवावर बेतलं तेव्हा माह्यासारख्या आपल्या माणसाचा हात झटकून त्यानं आपला हात तिले देला.