उतारावर वकीलसाहेबांनी माझं ऐकलं

मंडळी, आज सकाळी कल्याण स्टेशनावरून वकीलसाहेबांना टांग्यातून नेत होतो. त्यांचं नेहमीचंच चाललेलं, "अरे, पळव घोडी!"

खाडीकडचा उतार लागला आणि समोर म्हशींचा कळप आडवा आला.

"लगाम ओढ!" साहेब किंचाळले.

एकदम ओढला असता तर घोडी गुडघ्यावर पडली असती. मी म्हटलं, "ओरडू नका, मागे सरका!" ते निमूट सरकले. टांग्याचा तोल मागे गेला, घोडीवरचा भार कमी झाला. मग पायाने चाकाचा ब्रेक थोडा दाबला, सोडला, पुन्हा दाबला. म्हशीच्या शिंगांपासून हातभर अंतरावर टांगा थांबला.

उतरताना साहेब म्हणाले, "संध्याकाळी तूच ये. हळू आलास तरी चालेल."

घोडी कुणीही पळवेल हो. भर उतारावर थांबवून दाखवाल का?