वाऱ्याचा डोळा

बंद खिडकी दिसली की शेंडे सर उठायचे. घर कुणाचं, हे बघायचे नाहीत. कडी काढायची, झडप ढकलायची आणि पाहुण्याला वाट द्यावी तसं अंग चोरून बाजूला व्हायचं. वर हळूच म्हणायचं, "या."

तिरोड्याच्या एका बँकेत त्यांनी एसी चालू असताना खिडकी उघडली. गार्ड धावत आला. "सर, ठंडी हवा बाहर जा रही है."

"तिले जाऊ दे," सर म्हणाले. "जे बाहेर थांबून हाय, त्याले येऊ दे."

गार्डने दचकून बाहेर पाहिलं. खरं सांगतो, मीही पाहिलं.

आम्हाला ते इंग्रजी शिकवत, तेव्हा ही सवय नव्हती. 'विंडो' शब्दावर मात्र पुस्तक मिटून रंगात यायचे. "हा शब्द मुळात इंग्रजायचा नाही. उत्तरेकडल्या दर्यावर्दी लोकायनं आणला. त्यायच्या घराले काच कुठची? नुसतं भोक. त्याले ते वाऱ्याचा डोळा म्हणत. आता सांगा बे, डोळा दिवसाढवळ्या मिटून कोण ठेवते?"

ते निवृत्त झाल्यावर एका दुपारी मी विचारलंच, "सर, 'या' कोणाले म्हणता?"

ते उठून खिडकीशी गेले. मग म्हणाले, "तुह्या काकूले."

काकू, म्हणजे सरांची बायको, शेवटी आजारी होत्या. खाट खिडकीशी होती. रस्त्यापलीकडे राइस मिल. हंगामात कोंडा उडायचा आणि काकूंचा खोकला वाढायचा.

"शाळेत निघताना मी खिडकी लावली. 'लावू नोका जी, रस्ता दिसते,' म्हणे. तरी लावली. अन् तिकडं पोरायले वाऱ्याचा डोळाच शिकवून राहिलो होतो. घरी आलो, त ती गेलेली. डोळे खिडकीकडंच. उघडे." मग माझा हात धरला. "मी गेलो की कोणी तरी लावनच. तू उघडजो बे."

यंदा धान निघाल्यावर सर गेले. घर माणसांनी भरलेलं, मिल चालू. सरांच्या पुतण्याने खिडकी लावून घेतली. मी कडीला हात घातला, तसा म्हणाला, "काका, कोंडा येऊन राहिला ना."

चार माणसं दिसली की मला नाटक सुचतं. त्या दिवशी मात्र कुणी बघू नये असं वाटत होतं. कडी काढली, बाजूला झालो आणि पुटपुटलो, "या, काकू."

कोंड्याची एक भुरकी आत आली. खाली बसलेली माणसं, कुणी न सांगता, खिडकीपासून सरांपर्यंत वाट सोडून सरकली.