लाभापासून मोजणारी आत्या

"आई गेली गं ताई," तीन आठवड्यांपूर्वी बबनचा फोन आला, तेव्हा मी आधी विचारलं, "नक्की?" हा काय प्रश्न झाला! पण चार वर्षांपूर्वी याच बबननं, माझ्या आतेभावानं, असाच फोन केला होता. "आईनं अन्न सोडलंय. भेटून जा." आमच्याकडं म्हाताऱ्या माणसानं ताट परतवलं की नातेवाइकांना निरोप जातात.

मी कर्जतहून माथेरानच्या पायथ्याशी आत्याच्या घरी पोचले, तर ओटीवर माणसं जमलेली. महिन्यापूर्वी आत्याला अर्धांगाचा झटका आला होता. उजवा हात लुळा, आणि तोंडात एकच शब्द उरलेला. तिची सून सुनंदा रडत म्हणाली, "दोन दिस झालं वन्सं, 'आई, भात वाढू?' इचारलं का 'नाय' म्हनतात. मी ताट उचलते." मी काही न विचारता पेजेची वाटी आत्यापुढं ठेवली. तिनं ती डाव्या हातानं ओढली आणि "नाय... नाय..." म्हणत, डोळ्यांतून पाणी गाळत, शेवटच्या शितापर्यंत संपवली. बाई दोन दिवस उपाशी होती! सुनंदानं तोंडात पदर कोंबला.

याला वाचाघात म्हणतात, हे मग रुग्णालयातल्या वाचाउपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं. बुद्धी शाबूत, कान शाबूत. हवा तो शब्द मात्र हाती लागत नाही. ओरडून बोलू नका, तिचं वाक्य तुम्ही पुरं करू नका, थांबा. थांबा म्हणे! मी शाळामास्तरीण, मुलाला उत्तराला जरा वेळ लागला की मी पुढच्याला उठवते. थांबायला मी आत्यापाशी शिकले, तेही रडतखडत.

त्या वर्षी भात झोडून झाल्यावर आम्ही तिला खळ्यावर खुर्ची टाकून बसवलं. माप मोजायचं काम जन्मभर तिचं. बबननं पितळी पायली भरून ओतली. आमच्याकडं पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत. आणि आत्याचा आवाज आला, खणखणीत... "लाभ!" मग "दोन... तीन..." करत थेट वीसपर्यंत.

"आई, बोललीस गं!" बबन ओरडला.

"नाय," आत्या म्हणाली, आणि आमची तोंडं बघून पोटभर हसली.

पाठ झालेली मोजणी मेंदूतून वेगळ्या वाटेनं येते, असं त्या बाईंनी नंतर समजावलं. मला ते पटलं, पण नवल काही ओसरलं नाही. पुढं तर आत्यानं त्या मोजणीला कामालाच जुंपलं. सुनंदानं 'वाढू?' विचारणं कायमचं सोडलं. ती विचारायची, "आई, भाकऱ्या किती?" आत्या लाभापासून निघायची, "लाभ... दोन..." आणि तिथं खुर्चीच्या हातावर थाप मारायची. नुसतं 'दोन' तिला कधीच म्हणता आलं नाही. दर वेळी पहिल्यापासून चालत जावं लागे, आणि ती जायची. एवढी जिद्द मी दुसऱ्या कुणात पाहिली नाही.

परवा यंदाचं भात मापलं. आत्याची खुर्ची तिथंच होती. बबननं पहिली पायली ओतली आणि तो खुर्चीकडं बघत राहिला. तेव्हा सुनंदा पुढं झाली. "लाभ," ती म्हणाली. मग तिचे ओठ हलले, पण पुढचा शब्द काही येईना...

आम्हा सगळ्यांना तो ठाऊक होता. कुणीच म्हटला नाही. आम्ही थांबलो.