रेघांविना शुद्ध प्रत

आपटा गावच्या गुरुजींची मंत्रांची वही माझ्या हाती आली तेव्हा कसरीने तिची चाळणी केली होती. मंत्र छापील पुस्तकांतूनही मिळाले असते. परंतु गुरुजींच्या परंपरेतला उच्चार छापील पाठाहून जेथे वेगळा होता, तेथे त्यांनी अक्षराखाली आडवी रेघ ओढली होती. त्या रेघा अन्यत्र कोठेही नव्हत्या.

नव्वदच्या सुमारास माझी भाची पनवेलच्या एका महाविद्यालयात संगणक विभागात होती. तिने ती वही रोमन अक्षरांत उतरवून घेतली. आधी रेघ टाईप करायची, एक घर मागे यायचे आणि त्याच जागी अक्षर टाईप करायचे, अशी तिची रीत होती. कागदावर दोन्ही उमटत. पडद्यावर एका घरात एकच चिन्ह मावे, म्हणून अक्षर रेघेला पुसून टाकी. यासाठी त्या यंत्रात एक जुनी आज्ञा होती. ती दिली की रेघा अक्षरांखालच्या ओळीत तुटक तुटक दिसत.

तपासताना त्या तुकड्यांनी माझे डोळे शिणू लागले. रेघा तूर्त काढता येतील का, असे मी विचारले. तिने आज्ञेपुढे एक लहानशी खूण जोडली आणि रेघा गेल्या. तो मजकूर तिने निराळ्या नावाने ठेवला व महिनाभर आम्ही त्यातलीच अक्षरे सुधारली. शेवटी मी म्हणालो, "हीच शुद्ध प्रत. हीच ठेव."

फ्लॉपीवर जागा थोडी होती; तिने रेघांची पहिली प्रत पुसली. 'शुद्ध' म्हणताना माझ्या मनात केवळ अक्षरे होती.

वही परत करताना तोच शब्द मी गुरुजींना सांगितला. ते संतोषले. शुद्ध प्रत झाली की जीर्ण पोथी घरात ठेवायची नाही, हा त्यांचा नेम. त्यांनी ती पाताळगंगेत विसर्जित केली.

पुढच्या आठवड्यात प्रिंटरवरून कागद निघाले आणि एकाही अक्षराखाली रेघ नव्हती. भाची हळूच म्हणाली, "मामा, शुद्ध तुम्हीच म्हणालात ना?"

मी आपट्याला जाऊन गुरुजींना सारे सांगितले.

"चाळीस वर्षे शाळेत पोरांचे अनुस्वार मोजलेस आणि रेघा तेवढ्या सोडल्यास," ते म्हणाले. "बस. कागद काढ."

त्यांना दम लागे, तरी ते रोज थोडे म्हणत आणि मी पेन्सिलीने रेघा ओढी. सातव्या दिवशी एका ऋचेच्या मध्यावर ते थांबले. पुन्हा आरंभापासून म्हणून पाहिले, पुन्हा तेथेच थांबले.

"इथे माझी खात्री नाही," ते म्हणाले. "खात्री नसेल तिथे ओढू नकोस."

त्यानंतर ते अंथरुणाला खिळले आणि महिन्याच्या आत गेले. पुढची पाने माझ्याजवळ अक्षरशः निर्दोष आहेत. नित्यपाठात मी त्या ऋचेपर्यंत येतो आणि पोथी मिटतो. पुढे म्हटले, तर तो उच्चार कोणाचा, हे मला सांगता येणार नाही.