कोंडवाड्याचं दार

१९४८ साली मी बावीस वर्षांचा होतो आणि अख्ख्या गावात शहाणा असा मी एकटाच होतो. (शाळा दुसरीपर्यंत. पुढं मास्तरचं आन् माझं जमलं नाही. चूक मास्तरची.)

हट्ट्याकडचं आमचं गाव. निजामाचं राज नुकतंच गेलेलं आणि नवं अजून गावात पोचलेलं नव्हतं. कोंडवाड्याचा रखवालदारही कुठं निघून गेला. दुसऱ्याच्या रानात शिरलेली गुरं तिथं कोंडायचे. आमची चंद्री म्हैस महिन्यातले पंधरा दिवस तिथंच मुक्कामाला! म्हणून त्या दारावर माझा लई राग.

"माणसाला सरकार लागतंच काहून?" मी पारावर विचारलं. खरंच पडलेला प्रश्न होता. "पाखरांना हाय का सरकार?"

माझ्या शेताचे शेजारी गणबामामा चिलीम ओढत बसले होते. म्हणाले, "पाखरं पेरत न्हाईत, बापू."

मला ते पटलं नाही. (दुसऱ्याचं उत्तर मला आजवर पटलेलं नाही.) उठलो, कोंडवाड्याचं दार उपसलं आणि डोक्यावर घेऊन गावभर मिरवलं. "आता गुरं बी मोकळी, माणसं बी मोकळी!" लोकांनी टाळ्या वाजवल्या! मग चार मेढी रोवून त्या दाराचा माळा केला, आमच्या ज्वारीच्या मधोमध. पोटऱ्यात आलेली ज्वारी, वर्षाची भाकर! सरकारच्या दारावर मांडी घालून मी राखण करणार होतो.

कोंडायची भीतीच उरली नाही, तशी दुसऱ्या दिवशी अख्ख्या गावाची गुरं मोकळी झाली. मी पूर्वेची हाकलली, तर पश्चिमेकडून शिरली! पश्चिमेला पळालो, तर पूर्वेची पाहुण्यासारखी परत हजर!

बायको भाकर घेऊन आली. "अवं, निम्मं रान गेलं की! खाली उतरा!"

"उतरून काय करू? वरून निदान दिसून तरी राहिलं!"

तेवढ्यात दोन ओळखीचे बैल दिसले. मी ओरडलो, "मामा, तुमचे बैल माझ्या ज्वारीत!"

"आन् माझ्या ज्वारीत कोण हाय बघ!"

बघितलं. चंद्री! शेपटी हलवत, निवांत.

"मग कोंडा की तिला!" मी तावातावानं म्हणालो.

"कुठं कोंडू? कोंडवाड्यावर तू बसलायस!"

बायको तोंडाला पदर लावून हसली. मी माळ्यावर तसाच बसून राहिलो, इज्जतीचा सवाल होता. पण विचार काही थांबेना. प्रत्येकाला सरकार पाहिजे ते शेजाऱ्याच्या बैलासाठी. आपली म्हैस तर गरीबच असते!

तिसऱ्या दिवशी सकाळीच दार डोक्यावर घेतलं आणि त्याच रस्त्यानं परत नेलं. या खेपेला टाळ्या नव्हत्या. दार बसवलं. पारावरच्यांनी तिथल्या तिथं मलाच रखवालदार केलं. मी मिशीला पीळ भरून उभा राहतोय, तोच पहिला कैदी आला. बायको चंद्रीला दाव्यानं ओढत आणत होती, मामांच्या रानातून!

"बघता काय, सरकार? उघडा दार!"

मी उघडलं.