दोनदा खट्

सातवीत शाळा सुटली आणि गाव सोडून बदलापूरला आलो. तिथल्या कात्रप भागातल्या एका रिटायर काकांनी शिकवून माझ्याकडून हॅम रेडिओची, म्हणजे हौशी वायरलेसवाल्यांची, परीक्षा पास करून घेतली, आपला वॉकीटॉकीसारखा जुना सेटही दिला. रोज सकाळी ते सेटवर आसपासच्या सगळ्या हॅमवाल्यांची हजेरी घेत. माझा कॉलसाइन, म्हणजे लायसन्सवरचं सांकेतिक नाव, आला की मी ओरडायचो, "हजर, काका!"

"शाळेत असा ओरडला असतास, तर मास्तरांनी सोडला नसता रे तुला!"

घशाच्या ऑपरेशनने त्यांचा आवाज गेला. आता हजेरी मी घेतो. पुकारल्यावर ते दोनदा बटण दाबतात, माझ्या सेटवर दोनदा खट् वाजतं. एखाद्या दिवशी खट् आलंच नाही तर, या भीतीपोटी त्यांना मी शेवटी पुकारतो.

आज त्यांना पुकारून बराच वेळ थांबलो. एकदाच खट् आलं. वहीत 'हजर' लिहिलं. पुन्हा पुकारायची हिंमत झाली नाही.