गिरणी थांबल्यावर

लातूरकडच्या मुरुडला आमच्या गल्लीतल्या पिठाच्या गिरणीत तो रोज पट्ट्याशेजारच्या पोत्यावर बसलेला असतो. चाळिशीचा असेल. भुवयांवर पीठ, नजर कुणाकडेच नाही. गिरणी सुरू असली की तळहात भिंतीला लावून शांत बसतो.

त्याची बहीण गिरणी चालवते. ती मला एकदा ओरडूनच म्हणाली होती, "लातूरच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितलंय, सर. गोंगाट सोसत न्हाई त्येला."

गोंगाट सोसत नाही आणि बसतो गिरणीत? मला काही उमगेना.

काल ज्वारी दळायला टाकली आणि लाईट गेली. गिरणी थांबली. माझ्या कानांना बरं वाटलं. त्यानं मात्र दोन्ही कान गच्च दाबले आणि तो पुढेमागे झुलू लागला.

"आता तर शांत झालं. आता ह्याला काय होतंय?" मी त्याच्यासमोरच बहिणीला विचारलं.

"गिरणी त्येच्याबद्दल काई बोलत न्हाई, सर," ती म्हणाली.

मागं रांगेतल्या दोघी कुजबुजत होत्या. जन्मापासून असाच का, लग्न झालं का. एरवी हे कधी ऐकूच आलं नव्हतं.

मला अजूनही पुरतं कळलेलं नाही. पण लाईट गेल्यावर तिथला पहिला आवाज माझा होता.